ऑटोमॅटिक गाडीची कूलर लाईन परत परत गळतीये? पाना मारायच्या आधी हे बघा

गाडी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांच्या मधोमध खाली लालसर तेलाचा डाग. गॅरेजमध्ये दाखवलं तर पोरानं वाकून बघितलं, नटावर पाना मारला आणि "झालं बघा, आता नाय गळायचं" म्हणाला. थोडे दिवस बरे गेले, परत डाग. पुढच्या खेपेला रबराचा तुकडा बदलला, दोन क्लिपा आवळल्या, परत तेच. असं चाललं असेल तर पुढचं वाचा. बहुतेक वेळा भानगड एवढीच असते की तेल जिथं ठिबकताना दिसतं तिथं इलाज होतो, आणि जिथून निघतं ती जागा तशीच राहते. मी काय धंद्यानं मेकॅनिक नाही, पण साताऱ्यात घरच्या आणि पै-पाहुण्यांच्या गाड्यांखाली भरपूर वेळ काढलाय, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

आधी थोडक्यात, ही लाईन असते कशाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), हे नुसतं वंगण नव्हे, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलावर चालणारा जोड) त्याच्याच जोरावर ताकद पुढं देतो, आतले क्लच त्याच्याच दाबानं धरतात, आणि हे करताना ते तापतं. म्हणून गिअरबॉक्समधून पुढं कूलरपर्यंत दोन लाईनी जातात, एक गरम तेल नेते आणि दुसरी थंड झालेलं परत आणते. कूलर कधी रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो, कधी एसी कंडेन्सरच्या पुढं वेगळी छोटी जाळी असते, काही गाड्यांत दोन्ही. लाईनीचा बराचसा भाग स्टीलचा आणि मध्ये रबरी होज, कारण इंजिन-गिअरबॉक्स हलतात आणि रेडिएटर जागचा हलत नाही. स्टील आणि रबर जिथं जोडतात तिथं धातूचं कडं दाबून बसवलेलं असतं, त्याला क्रिम्प म्हणतात. या कड्याबद्दल पुढं बरंच बोलायचंय.

आपल्याकडं हा त्रास का जास्त, तर घाट. साध्या रस्त्यावर एटीएफ साधारण ८० ते ९५ अंशांत असतं. यवतेश्वरचा चढ, पसरणी, खंबाटकी, नाहीतर सुट्टीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन महाबळेश्वर, अशा वेळी पुढं एसटी रांगत असते आणि आपण डी वर ठेवून ॲक्सिलरेटर दाबत-सोडत राहतो, कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन बाजू थेट जोडल्या जात नाहीत, आत तेल घुसळत राहतं आणि तापमान चढत जातं. १२० अंशांच्या वर गेलं की तेलही झपाट्यानं खराब व्हायला लागतं आणि रबरही कडक पडत जातं. त्यात पावसाळा, आणि पाटणवरनं कुंभार्ली उतरून गुहागरला फेऱ्या असतील तर समुद्राची खारी हवा. स्टीलच्या पाईपचं याच्यानं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता शोधाकडं. इथं घाई करू नका, खरं काम इथंच आहे.

पहिल्यांदा ते तेल एटीएफच आहे का ते ठरवा. डागाखाली पांढरा कागद धरा, थेंब पडू द्या. लाल किंवा लालसर-तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर एटीएफ. पण काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही एटीएफच असतं, त्यामुळं स्टिअरिंगच्या बाटलीतली लेव्हल बघून घ्या. कूलंटही लाल-गुलाबी मिळतं, पण ते पाण्यासारखं असतं, बोटावर चिकटत नाही आणि गोडसर वास मारतं. एसीचं पाणी ओळखायला अक्कल लागत नाही, तरी लोक घाबरून फोन करतात. नवीन एटीएफ सगळं लालच असतं असंही नाही, तेव्हा तुमच्या गाडीत कुठल्या रंगाचं पडतं ते माहीत करून घ्या. आणि कास, महाबळेश्वर किंवा कोकण करून आला असाल तर गाडीच्या पोटाला सगळीकडं तांबडी माती बसलेली असते, तिच्यात लाल तेल मुरलं की दिसतच नाही, सगळं एकाच रंगाचं.

म्हणून खालचं धुऊन घ्या. नुसतं पाणी नको, डिग्रीझर मारा, ब्रशनं घासा, मग धुवा आणि पूर्ण वाळू द्या. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवा, त्याच्यात तेल साठतं आणि भलत्याच कोपऱ्यातनं टपकतं. आता गाडी चालवून आणा, आणि चालवून म्हणजे सोसायटीत एक चक्कर नव्हे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅटसारखा व्हॉल्व्ह असतो, तेल थंड असताना तो कूलरकडं तेल सोडतच नाही किंवा अगदी थोडं सोडतो. अंगणात वीस मिनिटं गाडी चालू ठेवून "कुठं गळतंय, कायच नाही" म्हणायचं आणि घाट चढून आलं की परत डाग, हा खेळ त्याच्यामुळं होतो. यवतेश्वरपर्यंत जाऊन या, मग सपाट जागी गाडी लावून बॅटरी घेऊन बघा.

बघायचं वरून खाली आणि पुढून मागं. चालत्या गाडीत वारा तेल मागं ढकलतो, त्यामुळं सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, मागचा सगळा ओलेपणा तिच्याच नावावर असू शकतो. गिअरबॉक्सच्या चेंबरवर, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीवर, तेल दिसलं म्हणून चेंबरचं गॅस्केट बदललेली माणसं मला माहीत आहेत, आणि गळत होतं दीड-दोन फूट पुढं, क्रिम्पमधनं. तरीही सापडत नसेल तर एटीएफमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, निळ्या टॉर्चखाली गळकी जागा चमकते.

आता परत परत गळायची कारणं, मी बघितल्याप्रमाणं.

एक नंबर क्रिम्प. आतलं रबर तापून-थंड होऊन आकसतं, कडं तेवढंच राहतं, मधनं तेल झिरपतं. थेंब पडेलच असं नाही, कधी नुसतं घामेजल्यासारखं दिसतं. याच्यावर नट आवळून काहीही होत नाही कारण नटाचा इथं संबंधच नाही. कड्याच्या वरनं क्लिप आवळतात, तीही निरुपयोगी, लोखंडावर क्लिप दाबून आतलं रबर थोडंच दबणार.

दोन, गंज, आणि तोही उघड्यावरचा नव्हे. लाईनी चॅसिसला किंवा इंजिनला प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेल्या असतात, त्या क्लिपांच्या आत चिखल जाऊन बसतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. बाहेरून पाईप चांगली दिसते, क्लिप उघडली की आत पापुद्रे. एकदा बारीक भोक पडलं की माणसं एमसील लावतात, गरम तेलकट पाईपवर ते टिकत नाही. पितळी वेल्डिंग करूनही देतात, पण शेजारची पाईप तेवढीच पातळ झालेली असते, ती पुढच्या पावसाळ्यात जाते, आणि वेल्डिंगची आतली खपली तेलाबरोबर गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या बारीक वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागात) जायची भीती वेगळीच.

तीन, घासणं. आधीच्या कुणीतरी काम करताना क्लिप मोडली आणि तशीच सोडली, किंवा पुढून किरकोळ ठोकर लागली होती आणि ब्रॅकेट वाकलंय. लाईन कशाला तरी टेकून घासत राहते. याच्यातच इंजिन माउंटही धरा, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर टेकलेलं असतं ते. माउंटचं रबर दबून खराब झालं असेल तर डी-आर टाकताना इंजिन जास्त झुकतं, प्रत्येक वेळी लाईन ओढली जाते आणि जोडाजवळ चिरते. नवीन लाईन टाकून वर्षात तिथंच परत गेली असेल तर लाईनीच्या क्वालिटीला शिव्या द्यायच्या आधी माउंट बघा. कुणालातरी ब्रेक दाबून आर आणि डी टाकायला सांगायचं, आपण बॉनेट उघडून बाजूनं बघायचं, गाडीच्या पुढं उभं राहायचं नाही.

चार, जास्त आवळणं. गळतंय म्हणून प्रत्येकानं येऊन पाव फेरा मारलाय. फ्लेअर जोडात सील आट्यांवर नसतं, पाईपच्या फुललेल्या तोंडावर असतं, ते तोंड चिरलं की कितीही आवळा. टेफ्लॉन टेप गुंडाळून तर अजिबात उपयोग नाही, वर त्याच्या चिंध्या आत जातात.

आणि पाच, चुकीचं रबर. कूलंटच्या होजचं रबर ईपीडीएम असतं, ते पाण्याला उत्तम पण तेलात फुगतं आणि लिबलिबीत होतं. पेट्रोलची होज तेल सोसते पण एवढ्या उष्णतेत लवकर कडक होते. आपल्याकडं अजून एक मोह असतो, एमआयडीसीकडं जेसीबी-ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक होज समोर क्रिम्प करून देतात, स्वस्त आणि मजबूत. दाबाच्या बाबतीत ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त भक्कम असते हे खरं, पण नेहमीची १००आर१ जातीची होज १०० अंशांपर्यंतच धरलेली असते आणि घाटात आपलं तेल त्याच्या वर जाऊ शकतं. शिवाय ती ताठ, कमी जागेत वळत नाही, मग जोडावर ताण येतो. अगदीच कंपनीची लाईन मिळत नसेल आणि बनवूनच घ्यायची असेल तर जास्त तापमानाची, तेल चालणारी होज आहे का ते विचारून, होजवर छापलेलं वाचून घ्या. ट्रान्समिशन कूलरसाठी खास होज येते तिच्यावर एसएई जे१५३२ लिहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर तुकडेबाजी करू नका, अख्खी लाईन बदला. आणि एक गेली असेल तर दुसरीही बदला, दोघी एकाच वयाच्या आणि एकाच चिखलातल्या. पार्ट मागवताना चेसिस नंबर द्या, एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणं लाईनी वेगळ्या असतात. लाईनीबरोबर ओ रिंगा, बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वायसरं, आणि चॅसिसवरच्या प्लास्टिक क्लिपा, हे सगळं नवीन मागवा. क्लिपा बहुतेक जण विसरतात, आणि मग वरचं तीन नंबरचं कारण आपणच तयार करून ठेवतो.

काम सुरू करायच्या आधी एक तपासणी सक्तीची. रेडिएटरच्या आतला कूलर असेल तर थंड गाडीत कूलंटची टाकी उघडून बघा आणि एटीएफचा थेंब कागदावर घ्या. कुठल्याही बाजूला सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ काहीतरी दिसलं तर इथंच थांबा. आतला कूलर फुटलाय, कूलंट आणि एटीएफ एक झालंय, आणि कूलंट क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर उखडवतं. मग लाईन बदलून काही होत नाही, गाडी चालू न करता जाणकार माणसाकडं न्या, तीही चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवर टाकून, ओढत नव्हे.

काम गाडी गार झाल्यावर. शक्यतो सकाळी उठून करा, आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सपाट फरशी किंवा काँक्रीट, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, जॅकनं उचलून जॅक स्टँडवर बसवा आणि आत जायच्या आधी गाडी हलवून बघा. नुसत्या जॅकवर आत जायचं नाही आणि विटांवर तर नाहीच, वीट सांगून फुटत नाही. डोळ्यांना चष्मा घाला, तेल नेमकं तोंडावरच येतं.

खाली मापाचा ट्रे ठेवा, किती तेल निघालं ते नंतर मोजायचंय. नुसत्या लाईनी उघडल्या तर सगळं तेल येत नाही, साधारण अर्धा ते एक लिटरच्या आसपास येतं. जुन्या लाईनीचा रस्ता, वळणं आणि क्लिपा कुठं आहेत याचे मोबाईलवर भरपूर फोटो काढा. कुठली लाईन कुठं ते चिकटपट्टीनं खूण करून ठेवा.

रेडिएटरकडचा नट उघडताना दोन पाने लागतात, हे काळजावर कोरून ठेवा. एकानं रेडिएटरवरचं फिटिंग धरायचं, दुसऱ्यानं लाईनीचा नट फिरवायचा. आजकालच्या रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असते आणि हे फिटिंग तिच्यातून आत कूलरला गेलेलं असतं, एका पान्यानं जोर लावला की अख्खं फिटिंग फिरतं, आतला कूलर पिळून चिरतो, आणि वर लिहिलेली सोलकढी आपण स्वतः तयार करतो. नटाला साधा फिक्स पाना वापरला की कडा झिजतात, ब्रेक पाईपसाठी फट असलेला रिंग पाना येतो तो घ्या. काही गाड्यांत नटच नसतो, दाबून बसणारा जोड असतो, त्यात तारेची बारीक क्लिप असते, ती टोकदार हुकनं बाहेर काढायची आणि लाईन सरळ ओढायची, पिळायची नाही. ती तार उडून कुठंतरी जातेच, म्हणून नवीन क्लिप आधीच हाताशी ठेवा.

उघडी तोंडं लगेच बंद करा, स्वच्छ पॉलिथीन आणि रबरबँड चालतो. फडकं कोंबू नका, त्याचे धागे आत गेले तर व्हॉल्व्ह बॉडीला ते फार झालं. कूलरच्या जाळीत बाहेरून चिखल, किडे, उसाचा पाला अडकलेला असतो, लाईनी सुटलेल्या असताना मऊ ब्रश आणि हलक्या पाण्यानं तो साफ करून घ्या, पण उघड्या तोंडांत पाणी जाता कामा नये आणि प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे वाकतात. निघालेलं तेल काळं आणि करपट वासाचं असेल, ट्रेमध्ये चमकणारा बारीक चुरा दिसला, तर मामला लाईनीपुरता नाही, गिअरबॉक्स दाखवायला लागेल.

नवीन लाईन बसवताना आधी सगळे नट हातानं चार-पाच आटे जाऊ द्या. हातानं जात नसेल तर कोन चुकलाय, पाना लावून आटे खाऊ नका. ओ रिंगला नवीन एटीएफचं बोट लावा. मग चॅसिसच्या क्लिपा बसवा, आणि सगळ्यात शेवटी नट आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, परत दोन पान्यांनी. उलट्या क्रमानं केलं तर लाईन ताणात राहते. दाबून बसणाऱ्या जोडाचा कट्ट असा आवाज आला पाहिजे, आणि आल्यावरही एकदा ओढून बघायचं. स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून लाईन कशाला टेकत नाही ना ते बघा, सायलेन्सरच्या पाईपपासून लांब आहे ना तेही, गरम सायलेन्सरवर एटीएफ सांडलं तर ते पेट घेऊ शकतं.

तेल भरताना जेवढं निघालं तेवढंच आधी भरा, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचंच. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं लिहिलेल्या डब्यावर माझा तरी भरवसा नाही. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या वेगळ्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तेलं तर वेगळीच असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. डिपस्टिक नसेल तर बाजूला भरायचा बोल्ट आणि खाली लेव्हलचा बोल्ट असतो. भरायचा बोल्ट सुटतोय का ते आधी बघा, नाहीतर खालनं तेल काढून बसायचं आणि वरचा बोल्ट जाम.

मग ब्रेक दाबून इंजिन चालू करा, पी, आर, एन, डी असं प्रत्येकात थोडा वेळ ठेवत फिरवून परत पी ला आणा, म्हणजे नव्या लाईनीत आणि कूलरमध्ये तेल भरतं. हे करताना गाडीखाली कुणीही नको. लेव्हल बघायची ती ठरावीक तापमानाला, गाडी सपाट आणि इंजिन चालू ठेवून. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा धरा, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) एटीएफचं तापमान दिसतं. गार तेलात लेव्हल कमी दिसते म्हणून जास्त ओतलं की गरम झाल्यावर फेस होतो, आणि फेसाळ तेलात दाब धरत नाही. कमी पडलं तर डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, आरपीएम चढतो आणि स्पीड येत नाही, पंप घूं घूं करतो.

गळतीची तपासणी परत घाटातच. यवतेश्वर चढून या, गाडी लावा, जोड कोरड्या टिश्यूनं पुसून बघा, रात्री खाली पुठ्ठा टाका. पहिल्या दिवशी बारीक डाग पडला तर लगेच आवळायला जाऊ नका, काम करताना सबफ्रेमवर (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीवर) सांडलेलं तेल आधी ओघळून जातं. पुसून घ्या, नवा पुठ्ठा टाका, तोही ओला झाला तर मग जोडाकडं बघा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या प्लास्टिक क्लिपा उघडून आतला चिखल धुऊन घ्यायचा, काम एवढंसंच आहे पण कुणी करत नाही.

निघालेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, कायद्यानं ते घातक कचऱ्यात येतं. डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाचं बॅरल असतं तिथं द्या, पण कूलंट मिसळलेलं असेल तर तसं सांगून वेगळ्या डब्यात.